निसळांचं नवं कुलूप

शामकांत निसळ आणि कानिफनाथ यांची पहिली भेट सुरू झाली तेव्हा सुप्याच्या कारखान्यात सकाळची पाळी नुकती लागली होती. भेट संपेपर्यंत तीन पाळ्या बदलल्या, गेटवरच्या वॉचमनला दाढी फुटली आणि कँटीनमधल्या चहाच्या पातेल्यावर एवढी जाड साय धरली की तिच्यावर स्टूल ठेवून बसता आलं असतं. निसळांना विचाराल तर ते म्हणतील, पाऊण तास. पण निसळांच्या पाऊण तासात इतरांचं आयुष्य पुढे सरकतं, हे कारखान्यात सर्वांना ठाऊक होतं.

काम होतं चाळीस अक्षरांचं. कारखान्याचं मोठं गिऱ्हाईक परदेशातलं. यंत्राच्या भागाचं ड्रॉइंग कुठेही मेलने पाठवायचं तर एन्क्रिप्शनचं, म्हणजे कॉम्प्युटरवरचं, कुलूप घालूनच पाठवायचं, असा त्यांचा दंडक. कुलूप घालायचे निसळ. ते उघडायचं नगरच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये, आणि तिथे सहा महिन्यांच्या बोलीवर नवा लागलेला माणूस म्हणजे कानिफनाथ. त्याच्या किल्लीची चाळीस आकडे-अक्षरांची खूण दोघांनी समोरासमोर बसून जुळवायची, हा निसळांचा नियम. फोनवर नाही. फोनवर माणूस कोणीही असू शकतो.

"पुढचं?"

"सात."

"नक्की सात?"

"सर, सात एकच असतो."

निसळांनी चष्म्यावरून पाहिलं. मतदार ओळखपत्र उजेडाला धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, आणि पत्त्यापाशी त्यांचा हात थबकला. शनिशिंगणापूर.

"म्हणजे तुझ्या घराला दार नाही?"

"चौकट हाय. दार न्हाई."

मग निसळ असे हसले की पत्र्यावरची कबुतरं थेट पारनेरला जाऊन बसली असावीत. "ऐकलंत का रे? ज्याच्या घराला कडी नाही, तो आपली कुलपं उघडणार!" सगळं ऑफिस हसलं. कानिफनाथही थोडं हसला. पुढचे चार महिने फोन लागला की निसळ "काय दारवाले?" असंच सुरू करायचे, आणि तो "बोला सर" म्हणायचा.

निसळांबद्दल एक सांगायलाच हवं. सावेडीत त्यांच्या बंगल्याला दोन दारं, तीन कड्या आणि एक साखळी होती, आणि दूधवाल्याची पिशवी आत घ्यायलाही हे सगळं उघडावं लागे. माणूस वाईट नव्हता. काळजी हा त्यांचा व्यायाम होता, एवढंच. सॉफ्टवेअरची व्हर्जन वेगवेगळी असली की घोळ होतो, हे त्यांनीच आधी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात कागद केला: "व्हर्जन कोणतेही वापरा, कुलूप मात्र ठरलेल्या समाईक मानकाचेच घाला. म्हणजे कोणाचीही योग्य किल्ली लागेल." कागद लॅमिनेट करून एक प्रत वर्कशॉपला दिली, दुसरी स्वतःच्या टेबलामागच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला चिकटवली. तिथे चिकटवलेली गोष्ट माणूस कधी वाचत नाही.

एका सोमवारी निसळांनी नवं व्हर्जन घातलं. त्यात एक चौकोन होता: अधिक मजबूत नवी पद्धत. मजबूत म्हटल्यावर निसळांचा हात थांबतो थोडाच? त्यांनी खूण केली, ड्रॉइंगला नवंकोरं कुलूप घातलं, पाठवून दिलं आणि समाधानाने डबा उघडला.

दुपारी फोन आला. "सर, फाईल उघडत न्हाई. 'अनोळखी पॅकेट' असं काहीतरी म्हनतंय. तुमी व्हर्जन बदललंय का?"

"नवं व्हर्जन जुन्याहून चांगलंच असतं रे. किल्ली कुठे टाकलीस ते बघ."

"किल्ली हाय की सर. शनवारच्या फाईली उघडत्यात तिनं."

"दारवाले, किल्ली सांभाळायला सवय लागते," असं म्हणून निसळ हसले, आणि शेजारच्या टेबलांनाही त्यांनी थोडं थोडं हसू वाटलं.

बुधवारपर्यंत वर्कशॉपचं मशीन रिकामं उभं. कारखान्याच्या साहेबांनी विचारलं, अडलंय कुठे? गुरुवारी निसळांनी वर्कशॉपच्या मालकांना पत्र लिहिलं, साहेबांना प्रत: "आपल्याकडील व्यक्तीस कुलूपकिल्लीचे संस्कार नाहीत." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते ऑफिसातल्या दोघांना वाचूनही दाखवलं. ड्रॉइंग साहेबांनी माणसाच्या हाती कागदावर पाठवलं. कानिफनाथाला संध्याकाळीच सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नकोस.

शनिवारी निसळ घरी होते. एक माप तपासायचं म्हणून त्यांनी तेच ड्रॉइंग घरच्या, जुनंच व्हर्जन असलेल्या लॅपटॉपवर उघडायला घेतलं. त्यांची स्वतःची किल्ली, स्वतःचं कुलूप. पडद्यावर अक्षरं आली: अनोळखी पॅकेट.

निसळांनी लॅपटॉप बंद केला. पुन्हा चालू केला. तेच. मग त्यांना सोमवारी खूण केलेला तो चौकोन आठवला.

लीनाताई चहा घेऊन आल्या. "अहो, काय झालं?"

"माझंच चुकलं. त्या माणसाची नोकरी गेली."

"मग त्याला फोन करा."

"फोनवर नाही," निसळ म्हणाले, आणि आपलाच नियम ऐकून त्यांना आणखी शरमल्यासारखं झालं.

रविवारी ते स्कूटरवरून शिंगणापूरला गेले. वाटेत त्यांनी वाक्य पाठ केलं होतं. पत्ता विचारत घरासमोर पोचले आणि अडले. बेल नव्हती. कडी नव्हती. वाजवायला दारच नव्हतं. निसळांनी हात वर केला, हवेत तसाच धरला. समोर ओसरीवर बसून लसूण सोलणारी कानिफनाथाची आई, बनुबाई, त्यांच्याकडे बघतच होती. वाजवायच्या आधीच दिसून जाण्याचा प्रसंग निसळांवर आयुष्यात प्रथमच आला होता.

"या की. दार उघडायची वाट बगताय व्हय?"

कानिफनाथ आतून आला. निसळांचं पाठ केलेलं वाक्य घोडेगावच्या आसपास कुठेतरी सांडलं होतं. "कुलूप मी वेगळं घातलं होतं. मानक सोडून. तुझी किल्ली बरोबर होती," एवढंच निघालं.

"मला म्हाईत हुतं सर."

"मग बोलला का नाहीस?"

"इचारलं की. व्हर्जन बदललंय का म्हनून. तुमी हसला." त्याने मोबाईल काढून लॅमिनेट केलेल्या कागदाचा फोटो पुढे केला. "मालकाला ह्यो दाखवला. ते म्हनले, निसळ सरांनीच लिवलंय, ते कसं मोडतील?"

आपलं वळणदार अक्षर निसळांनी पाहिलं. जमिनीकडे पाहणं त्याहून सोपं होतं.

बनुबाईने पाणी आणलं. "पोरावर लई हसत हुता म्हनं तुमी," ती म्हणाली. रागाने नाही. सांगितलं, तसं.

"एवढं एक करा," कानिफनाथ म्हणाला. "मालकाला लिवून द्या. पुन्ना घेतील ते."

सोमवारी निसळांनी लिहून दिलं. साहेबांना, मालकांना आणि ऑफिसातल्या ज्यांना ज्यांना त्यांनी हसवलं होतं त्या सर्वांना. चूक माझी, मानक मी मोडलं, संस्काराचं वाक्य मागे घेतो. पत्राला कुलूप घातलं नाही.

मालकांचं उत्तर दुपारी आलं. पत्र मिळालं, आभारी आहोत. त्या जागेवर शुक्रवारपासून दुसरा माणूस कामाला लागला आहे.