निरंक लिहिलेल्या रकान्याबाबत

अर्जदार: मी स्वतः, वय बावन्न, धंदा अर्जलेखन, बैठक इंदापूर कचेरीसमोरील लिंबाखाली. जिच्यासंबंधी अर्ज: बारामतीच्या एका रुग्णालयात वॉर्डाचे काम शिकणारी, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. साक्षीदार: एक, माझी थोरली बहीण, राहणार पणदरे, दोन, तिच्या शेजारच्या खाटेवरील भिगवणच्या मासळीवाल्या बाई. घटनेचा दिनांक: माझ्या आधीच्या तक्रारीवर आवक शिक्का आहे तोच. नावे कोणाचीच देत नाही. नाव दिले की माणूस चौकशीत अडकतो, हे मी एकदा करून बसलो आहे. त्या तक्रारीवरून सदर मुलीचे वॉर्डातले काम थांबवले आहे, आणि ते पुन्हा सुरू व्हावे एवढ्याचसाठी मी हे सविस्तर लिहीत आहे.

शाळा मी नववीत सोडली, तरी माझ्या हातचा अर्ज आला की साहेब लोक खुर्चीत सावरून बसतात, हे तालुक्याला ठाऊक आहे. या धंद्यातले एक सूत्र मी जिवापाड जपले: विचारले तेवढेच लिहावे, आणि जे आपल्यावर उलटेल ते मुळीच लिहू नये. बांधावरचे झाड कोणी तोडले हे पक्षकाराने मला सांगितले, तरी ते कागदाला सांगायचे नसते.

आक्का दम लागून दाखल झाली, तेव्हा फॉर्म मीच हातात घेतला. तिच्या हृदयाची झडप बदललेली आहे, म्हणून रक्त पातळ ठेवणारी एक गोळी तिला रोज संध्याकाळी घ्यावी लागते. त्या गोळीची डॉक्टरांची चिठ्ठी होती, म्हणून ती मी फॉर्मवर लिहिली. पुढे रकाना आला, घरी चालू असलेली इतर औषधे. आक्का कानाशी कुजबुजली, "आरं, गुडघ्याच्या पुड्यांचं लिवतूस का?"

भिगवणच्या बाजारातून ती या पुड्या आणते. कागदाच्या एका पुडीत तीन सुट्या गोळ्या, नाव कशावरच नाही. मी तिला डोळ्यांनी गप्प केले. डॉक्टरला न विचारता औषध घेतले असे कबूल करावे आणि पुढे काही कमीजास्त झाल्यास दोष आपल्याच माथी यावा, हे मला पटेना. मी ठळक अक्षरात लिहिले: निरंक. पुड्या पिशवीत राहिल्या आणि आक्का त्या खाटेवरही घेत राहिली.

तिसऱ्या संध्याकाळी ती मुलगी गोळ्यांचा ट्रे घेऊन आली. मनगटावरची पट्टी वाचली, हातातला कागद ताडून पाहिला आणि विचारले, "आजी, पूर्ण नाव सांगा."

"काल बी सांगितलं, परवा बी सांगितलं. हितं आल्यापासनं नवरा बदलला का काय माजा?"

शेजारून मासळीवाल्या बाई म्हणाल्या, "बदलून मिळत आसंल तर माजं बी नाव लिव गं बाई!"

मुलगीही हसली, पण नाव वदवून घेतल्याशिवाय पुढे सरकली नाही. मग तिची नजर आक्काच्या दंडावर गेली. तिथे काळानिळा डाग होता, आणि त्या हाताला सुई टोचलेली नव्हती.

"हे कशानं झालं?"

"खाटंला लागलं आसंल."

"हिरड्यांतून रक्त येतं का?"

"मिश्री लावताना येतं वाईच. त्यात काय, मिश्रीच जाडी हाय."

मुलीने गोळी पुन्हा ट्रेमध्ये ठेवली. "ही मी आत्ता देत नाही. आधी मोठ्या सिस्टरांना सांगते."

मी उठलो. "गोळी चुकली तर झडपेवर गुठळी धरते, असं डॉक्टरांनी बजावलंय. तू शिकाऊ. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"म्हणून तर एकटी ठरवत नाही, काका. फॉर्मवर निरंक आहे. खरंच दुसरं काही घेत नाहीत ना?"

"लिहिलं ते लिहिलं," असे म्हणून मी तडक खालच्या कार्यालयात गेलो आणि 'रुग्णास औषध नाकारल्याबाबत' पानभर तक्रार लिहून शिक्का मारून घेतला. ती माझ्या उत्तम अर्जांपैकी एक होती, हे आज लिहिताना मला लाज वाटते.

वर आलो तो आक्काची पिशवी खाटेवर पालथी पडलेली. मुलीने तिला धमकावले नव्हते. औषध घेता का, असे विचारले तेव्हा आक्का "न्हाय" म्हणाली होती, कारण पुडीला ती औषध समजतच नाही. मग मुलीने विचारले, "आजी, गुडघा ठणकला की काय करता?" आणि पुड्या बाहेर आल्या. मी जन्मभर पक्षकारांना प्रश्न विचारतो. असा साधा आणि नेमका प्रश्न मला सुचला नसता.

रक्त तपासले. ते नको इतके पातळ झाले होते. डॉक्टर म्हणाले, अशा पुड्यांत बहुधा वेदनाशामक असते; त्याची आणि या गोळीची गाठ पडली की पोटातही रक्तस्राव होऊ शकतो. ती गोळी थांबवली हे योग्यच झाले. मग त्यांनी फॉर्म उचलला. "हे निरंक कोणी लिहिलं?"

"ह्यानंच," आक्का कौतुकाने म्हणाली. "लई झाक अक्षर हाय त्येचं."

डॉक्टर गेल्यावर मुलगी मला हळूच म्हणाली, "गोळ्यांची नावं माहीत नसली तरी चालतं, काका. पुड्या आहेत एवढं लिहायचं. रकाना रिकामा असता तर मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं. निरंक वाचलं आणि विश्वास ठेवला. ती चूक माझीही."

जी चूक निखळ माझी होती, तिच्यात तिने आपण होऊन वाटा घेतला. कचेरीसमोर बसून इतकी वर्षे झाली, पण असा माणूस मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रे घेऊन वेगळीच मुलगी आली. आक्का आपले पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, न विचारता सांगून बसली. "आन् ती आपली कुठं गेली?" तिने विचारले. उत्तर खालच्या कार्यालयातल्या माझ्या पानात होते.

सबब तिच्या नर्सिंग महाविद्यालयाच्या प्राचार्यांना आणि रुग्णालयाला विनंती की, सदर तक्रार खोट्या माहितीवर आधारलेली असल्याने मला ती मागे घेऊ द्यावी. मुलीला वॉर्डात परत घ्यावे. आणि फॉर्मवरील 'निरंक' माझ्या सहीने खोडून तेथे 'गुडघ्याच्या पुड्या, नाव माहीत नाही' असे लिहू द्यावे. उत्तर लेखी मिळावे. ते मी लिंबाखालच्या टेबलाच्या काचेखाली ठेवणार आहे. एखादा पक्षकार "एवढं तेवढं लिवू नगा" म्हणाला, की त्याला आधी तेच वाचायला देईन.