गुडघ्याखालची अंडी

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, घरं रंगवायचे. दर ईस्टरला इमारतीमागच्या अंगणात अंडी लपवायचं कामही त्यांच्याकडेच. त्यात त्यांचा कायदा होता: पोरांची अंडी गुडघ्याखाली, म्हाताऱ्यांची कमरेशी, आणि धडधाकट माणसांची टाचा उंचावून रडकुंडीला येतील इतकी वर. "म्हाताऱ्याला वाकवू नये, पोराला कडेवर उचलावं लागू नये," म्हणायचे. बाकी शहाणपण यथातथाच, पण खेळ शेंबड्या पोरापासून कवळीवाल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना पुरायचा.

अलीकडे त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस पुसलं जायला लागलं. मी तर कधीच "आपण कोण?" झाले. एकुलत्या एका लेकीचा, बबडीचा, फोनवरचा आवाजही ओळखेनात, तेव्हा ताईने ठरवलं: यंदाही अंडी तेच लपवतील, आणि शोधायला बबडी येईल. हाताला जुनं काम लागलं की लेक आठवेल. मी म्हटलं, "ताई, उगाच आशेला लागू नकोस." पण बुडत्याला काडीचा आधार. तिने अंडी उकडली, रंगवली.

भावोजी टोपली घेऊन एकटेच अंगणात गेले आणि रिकामी घेऊन परत आले. ताईचा चेहरा असा फुलला, की मला तिचा रागच आला.

मग सगळे शोधायला लागले. तळमजल्यावरच्या आजोबांनी खिडक्यांवरून हात फिरवला, हाती धूळ आली. शिंपीणबाईंनी दोरीवरचे कपडे चाचपले.

"अहो, लपवलीत की खाल्लीत?" आजोबा ओरडले.

तेवढ्यात शिंपीणबाईंच्या रांगत्या नातवाने कुंडीमागून एक काढलं, पायरीखालून दुसरं. बघतो तर काय, सगळीच्या सगळी गुडघ्याखाली.

लोक हसले. ताई हसली नाही. बबडी मात्र खाली बसली, नळाजवळच्या गवतातलं पिवळं अंडं तिने उचललं. "बाबा, सापडलं!"

भावोजी लगबगीने आले. गिऱ्हाइकाशी बोलायचे तशा अदबीने म्हणाले, "मॅडम, तेवढं राहू द्या हं. आमच्या बबडीसाठी आहे. नुकतीच चालायला लागलीय."

बबडीने अंडं परत गवतात ठेवलं. भावोजी तिच्या शेजारी उभे राहून दाराकडे बघू लागले.

"येईलच एवढ्यात," ते म्हणाले.

"हो," बबडी म्हणाली.