जयूचा वाकडा दात

नानाखेड्याच्या कॉलनीत शैलेंद्रराव मुजुमदारांच्या चित्रातली राक्षसीण कोणासारखी दिसते, हे कोणी कोणाला विचारत नसे. हुबेहूब त्यांची बायको, जयू. परी तीच, कावळाही तीच आणि रावणाच्या दहा तोंडांतली निम्मी तिचीच. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढण्यात जन्म गेला, पण समोर कोणी तोंड करून बसल्याशिवाय या माणसाची पेन्सिल हलत नसे. रडकं तोंड हवं असलं की जयू आधी फ्रीगंजची कचोरी मागे.

"अहो, फोकट में थोडीच रडणार मी?"

हसणं मात्र फुकट. हसली की पुढचा वाकडा दात बाहेर डोकावायचा. कॅमेऱ्यापुढे त्याच दातापायी ती ओठ घट्ट मिटून घेई. घरातल्या एकाही फोटोत जयू हसत नाही.

दिवाळीनंतर ती गेली. तेव्हा हातात काम होतं छबन जोकरच्या चरित्राचं. एके काळी छबनचं नाव ऐकून गावंच्या गावं सर्कशीला लोटायची. समोर बसायला आता कोणी नाही, म्हणून शैलेंद्ररावांनी सगळी चित्रं आठवणीतून काढली. हत्तीवर बसलेला छबन, झोक्यावरून आपटलेला छबन. पानोपानी हसतोय आणि पानोपानी दात वाकडा.

शेजारच्या सुमनताईंनी चित्रं चाळली. "अगंबाई, आमच्या जयूला सर्कशीत भरती केलंत की!" म्हणाल्या, खो खो हसल्या आणि पदर तोंडाला लावून चहा न घेताच उठल्या.

मग इंदूरहून संपादक भार्गवीचा फोन आला.

"काका, चित्रं एकदम बढिया! फक्त दात तेवढे सरळ करून द्या ना."

"जोकरचे दात कोण बघतंय, बेटा?"

"त्याची मुलगी बघते, काका. ती म्हणते, हे आमच्या बाबांचं हसू नाही. एवढ्या रंगाखाली तेवढंच तर त्यांचं स्वतःचं होतं."

शैलेंद्रराव भांडायच्या तयारीत होते. पण हे ऐकल्यावर "करून देतो," एवढंच म्हणाले.

सरळ दात काढायचे तर समोर कोणी हवं. घरात सरळ दात म्हणजे त्यांची स्वतःची कवळी. ती बसवून ते जयूच्या आरशापुढे बसले आणि हसायला गेले. हसू काही येईना. फ्रीगंजला जाऊन कचोरी आणली, आरशाशी ठेवली, पुन्हा बसले.

रडकं तोंड आलं. फुकटच आलं, कचोरीला हातही लागला नाही.

त्याच तोंडाने त्यांनी पांढरा रंग कालवला, आणि पहिल्या पानावरच्या वाकड्या दातावर ब्रश टेकवला.