वहिनीचा कोको

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळत आलो. नातवंडांनी लढाईच्या काळातलं आमचं दुकान कसं होतं असं विचारलं, की मी रॉकेलच्या रांगा सांगायचो, साखरेचं रेशन सांगायचो, आणि कोकोपाशी आलो की पाणी प्यायला उठायचो. माझा थोरला भाऊ लढाईत गेला. त्याचा जीव का गेला याची एक हकिकत आमच्या घरात रूढ आहे, आणि तिच्यात सगळा दोष माझ्या वहिनीवर आहे. ती हकिकत खोटी आहे. खोटी आहे हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो आहे.

आमचं दुकान खामगावात, कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. भाऊ आणि मी मिळून चालवायचो. बिस्किटं, मेणबत्त्या, साबण, औषधी अर्क, आणि मुंबईहून येणारे विलायती कोकोचे डबे. वऱ्हाडचा कापूस बोटीत बसून विलायतेला जायचा आणि तिथून हे डबे यायचे. कोको म्हणजे काय हे गावात फार थोड्यांना माहीत होतं. जिनिंग फॅक्टरीचा गोरा साहेब तो रोज प्यायचा. वकिलांच्या घरी तो परीक्षेच्या दिवसांत यायचा. विषमज्वरातून उठलेल्याला डॉक्टर दुधातून घ्यायला सांगायचे. बाकीच्यांना रिकामा डबा हवा असायचा, कारण त्याचं झाकण घट्ट बसायचं आणि आतली हळद पावसाळ्यातही कोरडी राहायची.

भावाला मात्र त्याची गोडी लागली होती. सकाळी तो स्वतः चुलीपुढे बसायचा, चमचाभर पूड थोड्या दुधात घोटायचा, मग उकळतं दूध आणि गूळ घालायचा. दोन पेले करायचा, एक वहिनीचा. पुरुषानं बायकोसाठी चुलीशी बसणं आईला रुचायचं नाही. "दुकानदार झाला का आचारी झाला बे?" असं ती म्हणायची. भाऊ हसायचा आणि पेला वहिनीच्या हातात द्यायचा.

एकदा एकादशीला प्रश्न निघाला की हे उपासाला चालतं का. आईनं गुरुजींना दुकानात बोलावून घेतलं. त्यांनी डबा हुंगला आणि भावाला विचारलं, "झाडाले लागते का कणसाले?"

"झाडाले, महाराज. फळाच्या आतलं बी वाळवून दळते."

"मंग चालते. कणसातलं नसलं म्हणजे झालं. चहा नाही का पिऊन राह्यले सारे? माह्या हातावर ठेव जरासा." त्यांनी कोरडी पूड जिभेवर टाकली आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "अरे बापा! हे तं उपासावर अजून एक शिक्षा!"

सगळे हसले. तेव्हापासून आमच्या घरात कोको उपासाचा ठरला.

भाऊ मोटार चालवायला शिकला होता. लढाईत ड्रायव्हरांची भरती निघाली तेव्हा त्यानं नाव दिलं. कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात बसून त्याला कंटाळा आला होता, एवढंच. त्याचा ट्रक ब्रह्मदेशाच्या सरहद्दीकडे गेला. तो गेला त्या दिवशी वहिनीनं देवापुढे पाणी सोडलं की हे घरी परत येईपर्यंत धान्य तोंडात घालणार नाही. शेंगदाणे, राजगिरा, रताळी, दूध, यांवर ती राहू लागली. आणि सकाळी कोको. तो मात्र ती स्वतः घोटायची, भाऊ घोटायचा तसाच. आई शेजारणींना अभिमानानं सांगायची, "माही सून नेमाची पक्की आहे वं. पोराले काही होत नाही माह्या."

पुढे विलायती माल येईनासा झाला. दुकानात मोजके डबे उरले आणि गिऱ्हाइकं वाढली, कारण जी वस्तू मिळत नाही तीच लोकांना हवी असते. मग मी भेसळ सुरू केली. आधी भाजलेल्या चिंचोक्याची पूड करून पाहिली, पण तिच्यावर गरम दूध घालताच त्याची खळ झाली. मग घरच्या शेतातली ज्वारी घेतली. दुपारी दुकान बंद असताना मागच्या खोलीत ती काळपट होईपर्यंत भाजायची, खलबत्त्यात कुटायची, फडक्यातून गाळायची आणि कोकोत मिसळायची. सुरुवातीला थोडी, मग निम्म्याहून जास्त. कुणाची तक्रार आली नाही. उलट खऱ्या कोकोचा कडूपणा गेल्यामुळे काही लोक म्हणाले, हा माल आधीपेक्षा चांगला आहे.

वहिनीसाठी मी एक डबा बिनभेसळीचा बाजूला ठेवला होता. हे सांगतो ते स्वतःचा बचाव म्हणून नाही, कारण तो डबा मीच दिला. एका अधिकाऱ्याचा चपराशी आला. त्याच्या बाईसाहेबांना आमचा कोको प्यायला की पोटात जड वाटत होतं, म्हणून साहेबांनी चांगला डबा मागितला होता. रॉकेलचा परवाना त्याच साहेबाच्या हातात होता. मी फळीमागचा डबा काढून दिला. वहिनीचा घरातला डबा संपत आला होता. त्यात मी दुकानातलं मिश्रण भरलं. एकदाच, असं मनाशी म्हटलं. पण पुढे आठ महिने तेच भरत राहिलो.

तिला फरक कळला. एका सकाळी ती पेला घेऊन ओसरीवर आली.

"भाऊजी, हा कोको पयल्यासारखा लागत नाही. खाली गाळ राह्यते."

"लढाईचा माल आहे वहिनी. सारंच तसं झालं आता."

तिनं पेला हलवून गाळ पाहिला. मग हळूच म्हणाली, "याच्यात काही धान्य-बिन्य तं नाही ना टाकत ते लोक? माहा नेम आहे, म्हणून विचारते."

"नाही हो. निव्वळ बियाची पूड."

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं," असं म्हणून तिनं माझ्यासमोर पेला संपवला.

श्रावणानंतर तार आली. भावाचा ट्रक घाटात दरीत गेला होता. शत्रूची गोळी नाही, काही नाही. रस्ता खचला होता.  आई दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि तिसऱ्या दिवशी उठून वहिनीला म्हणाली, "खरं सांग. नेमात कुठी खोट राह्यली?"

वहिनी प्रामाणिक होती. तिनं नेमाचे सगळे दिवस आठवून पाहिले असावेत. ती म्हणाली, "तुम्हाले ताप होता तवा वरण केलं होतं. आदल्या दिवशीचं अळणी झालं म्हणून तुम्ही ताट सरकवलं होतं. म्हणून मीठ पाहाले एक बोट चाटलं मी. लगेच चूळ भरली."

मी दारात उभा होतो. आईनं कपाळावर हात मारून घेतला. "माह्या पोराचा जीव तुह्या जिभेनं घेतला वं!"

त्या वेळी मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी आईला भ्यालो, आणि त्याहून जास्त दुकानाला भ्यालो. ज्वारीची गोष्ट घराबाहेर गेली असती तर गिऱ्हाईक तुटलं असतं, पोलीस आले असते. मी चपला घातल्या आणि दुकान उघडायला गेलो.

नेमानं माणूस जगतो किंवा मरतो असं मी मानत नाही. खचलेल्या रस्त्याला कुणाच्या ताटाशी देणंघेणं नसतं. पण हे माझं मानणं झालं. वहिनी मानत होती, आणि ज्यावर तिची अख्खी भिस्त होती ते मी तिच्या नकळत रोज सकाळी मोडत होतो. वर एका बोटाच्या चवीसाठी तिला दोषी ठरू दिलं. आई पुढे अकरा वर्षं जगली. ताटात वरण आलं की ती टोमणा मारायची, "पाहून घेतलं का मीठ?"  भावाच्या वर्षश्राद्धाला वहिनीनं मीठ सोडलं, कायमचं. लग्नाच्या पंगतीतही तिचं वेगळं अळणी पान असायचं, आणि ते का, हे बायका एकमेकींना कानात सांगायच्या. आई गेल्यावर ती माहेरी, वडनेर भोलजीला, तिच्या भावाच्या मळ्यात राहायला गेली.

मी तिथे तीनदा गेलो. तिन्ही वेळा सांगायचं ठरवून गेलो. पहिल्या खेपेला तिच्या भावजया समोरून हलल्या नाहीत. दुसऱ्या वेळी ती आजारी होती. तिसऱ्या वेळी घरात आम्ही दोघंच होतो, कारण बाकीचे कापूस वेचायला गेले होते. तिनं मला भाकरी आणि वरण वाढलं. केस सगळे पांढरे झाले होते.

"भाऊजी, मिठाचं कसं झालं ते सांगजा. मले चव पाहता येत नाही, अंदाजानं टाकते."

वरण खारट होतं, घास गिळवेना असं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं."

तिला बरं वाटलेलं दिसलं. तिनं आणखी एक पळी वाढली आणि मी ती खाल्ली. मग आम्ही कापसाच्या भावाबद्दल बोललो, तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो, आणि संध्याकाळच्या गाडीसाठी मी नांदुऱ्याकडे निघालो. पुढच्या वर्षी ती वारली. निरोप मला तेराव्याच्या आदल्या दिवशी मिळाला.

आता हे वाचतील त्यांनी घरातली हकिकत बदलावी. आणि जे मला त्या ताटावर बसून बोलायचं होतं ते असं होतं: वहिनी, मीठ खा. त्या बोटभर वरणानं काही झालं नाही. तुमच्या कोकोत मी ज्वारी घालत होतो, तुम्ही विचारलं तेव्हा तोंडावर खोटं बोललो, आणि आईनं तुम्हाला बोल लावला तेव्हा दारातून निघून गेलो. नेम तुमच्याकडून मोडला नाही, माझ्याकडून मोडला. मला माफ करा.