धुतलेलं घोंगडं

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. आजही माझा असल्या कशावर विश्वास आहे असं नाही. पण हे माझ्या डोळ्यांसमोर, भर दुपारी घडलं... म्हणून लिहितेय.

माझे वडील, आबा, हिर्डोशीच्या वरच्या वाडीत मेंढरं राखायचे. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. आईला एकटीला झेपणार नाही म्हणून मीच मागे लागून मेंढरं विकायला लावली. भाटघरच्या बबनमामांनी घेतली. आबांची काठी आणि काळं घोंगडं आठवण म्हणून मी भोरला आणलं.

घोंगड्याला धुराचा, तंबाखूचा, मेंढरांचा वास होता. मुलं नाक मुरडायला लागली. एका रविवारी गरम पाण्यात पावडर टाकून मी ते दोनदा धुतलं. आटलं थोडं, पण स्वच्छ निघालं.

दिवाळीनंतर आई आली. घोंगडं तोंडाशी धरून बसली... बराच वेळ. मग म्हणाली, "मानूसच धुऊन काढलास की गं."

दुसऱ्या दिवशी तिने हट्टच धरला – "मला मेंढरं दाव." घोंगडं काखेत मारूनच निघाली. एसटीने भाटघरला गेलो.

धरणाच्या काठच्या मोकळ्या रानात मेंढरं चरत होती, आमच्यापासून बरीच लांब. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येत होता – म्हणजे आमचा वास त्यांना जाणार नव्हता, मामांनीच तसं सांगितलं. आईने एका सपाट जागी घोंगडं अंथरलं आणि बाजूला उभी राहिली. हाक मारली नाही.

आधी एका म्हाताऱ्या मेंढीने मान वर केली. मग सगळा कळप वळला. नुसती आमचीच नाही, मामांचीसुद्धा. धावत नाही, संथ चालत आली आणि घोंगड्याभोवती गोल करून बसली. घोंगड्यावर एकीनेही पाय ठेवला नाही. दुपारी आबा आडवे झाले की अशीच बसायची.

"मामा, तुम्ही हाक मारलीत?"

"न्हाई बा. म्या कशाला मारू?" मामांनी डोक्यावरचा पटका काढला होता. मग त्यांनी खरंच हाक मारली, शिट्टी घातली. एकही उठली नाही.

आई मेंढरांमधून वाट काढत गेली आणि घोंगड्याच्या कडेला टेकली. मेंढरं रवंथ करत राहिली. मलाही जायचं होतं. मी पाऊल टाकलं... तशी जवळची मेंढरं उठली. अजून एक टाकलं, तर सगळीच चुळबुळायला लागली.

"थांब," आई हलक्या आवाजात म्हणाली. "तू तितंच ऱ्हा."

मी थांबले. आई कुणाशी तरी बोलत होती, ओठ हलताना दिसत होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बरं, येते," आणि उठली. मेंढरंही उठून चरायला गेली.

मिस्टर म्हणतात, जनावरं आईला ओळखतात, त्यात काय एवढं. असेल. मग ती मामांची मेंढरं का आली? आणि मला पाहून का उठली, मीही त्याच वाडीत वाढले ना? मला अजून कळलेलं नाही.

घोंगडं आता आईकडे असतं. वाडीला गेले की ते दांडीवर दिसतं. मी हात लावत नाही... आणि आईही, घे म्हणत नाही.