काकांची गोठ्यातली भाषा

जगातल्या यच्चयावत माणसांशी माझे चुलत सासरे अर्जाच्या भाषेत बोलत आणि जनावरांशी मालवणीत. मामलेदार कचेरीत जन्मभर कारकुनी करून ते गावी परतले होते. लग्न केलंच नव्हतं. मालवणपासून तीन मैलांवरच्या आमच्या घरात ते आणि माझ्या विधवा सासूबाई, अशी दोनच माणसं राहत. बाकी सगळी जनावरं. लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात शेजाऱ्यांच्या सोबतीनं मी मुंबईहून बोटीनं तिथं गेले. ह्यांना रजा मिळायची होती ती महिनाअखेरीस. मी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पाऊल टाकलं तेव्हा काका उभे राहून म्हणाले, "आपला प्रवास सुखरूप झाला असल्यास आत यावे." झाला नसल्यास काय करावे, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तेवढ्यात फणसामागून एक पोटुशी शेळी डुलत आली आणि काकांचा चेहरा एकदम सैल झाला. "गो बाये, सकाळपासून खंय गेललंस? माका सांगूक नको?"

घरात आरामखुर्ची एकच, आणि तीत मांजर झोपे. काका पायरीवर बसत. एकदा त्यांचे जुने साहेब भेटीला आले आणि सरळ खुर्चीकडे वळले. काकांनी हात जोडले. "ती उठेपर्यंत आपण चटईवर बसण्याची कृपा करावी." साहेब चटईवर बसले, दोन वेळा चहा प्याले, आपल्या पेन्शनीच्या वयातल्या गुडघ्यांना धरून उठले आणि गेले. मांजर उठलं नाही. मागल्या पडवीतल्या लाकडांच्या राशीत एक धामण राहायची. लाकूड काढण्यापूर्वी काका राशीवर दोनदा टकटक करत, "जरा सर गो," म्हणत आणि तिला सरायला पुरेसा वेळ देत. मलाही त्यांनी तोच शिरस्ता लावून दिला. पहिल्या दिवशी मी टकटक करून थेट स्वयंपाकघरात पळाले. पंधरा दिवसांनी मात्र चुलीवर आधण तापत असताना मी अगदी निवांत त्या राशीपाशी धामणीची वाट बघत उभी राहू लागले. वांदर कलमांवर उतरले की सारी वाडी डबे बडवत धावे. काका झाडाखाली जाऊन वर बघत आणि कळकळीनं सांगत, "अर्धो आंबो टाकू नको रे! खातस तर पुरो खा!"

गिरगावातल्या दोन खोल्यांत मी वाढलेली. झाड म्हणजे गॅलरीतल्या डब्यातली तुळस. सुरुवातीला त्या घरातली दुपार मला खायला उठे. मग हळूहळू मी फणसाखाली चटई टाकून बसायला लागले. काजूच्या बोंडांचा आंबूस वास यायचा, समुद्राकडून वारा सुटायचा आणि ती शेळी माझ्या पदराचं टोक चघळत शेजारी बसायची. काका लांबून म्हणत, "तिचा आपणांस उपद्रव होत असल्यास कळवावे." मी कधी कळवलं नाही.

एका दुपारी त्या शेळीला वेणा सुरू झाल्या. तास गेला, दोन तास गेले. पिल्लाचा एकच पाय बाहेर आला होता, दुसरा आत दुमडून अडकला होता. काकांचा हात चांगला रुंद, तो आत जाईना. शेळी ओरडायचीही थांबली, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

"गो बाये, तुझो हात दाखय बघूया."

मी हात पुढे केला. लहानसा हात, आणि त्यात लग्नातल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत.

"ह्यो काढूक होयो," काका म्हणाले.

सासूबाई चुलीपुढून उठल्या. "भावजी, सवाशिणीचो हात रिकामो करतत काय?"

"बांगड्यो उद्या भरूक येतत, वैनी. शेळी गेली तर ती परत येवची नाय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे स्वतःचे हात कितीतरी वर्षं रिकामे होते. मग त्यांनी फडताळातून खोबरेलाची बाटली काढली, माझ्या मनगटावर तेल ओतलं आणि एकेक करून बांगड्या उतरवल्या. एकही फुटू दिली नाही. सगळ्या आपल्या ओच्यात घेतल्या आणि ओचा घट्ट धरून त्या गोठ्यापर्यंत आमच्यामागून आल्या.

काकांनी शेळीचं डोकं मांडीवर घेतलं. मी डोळे मिटून हात घातला. आत सगळं ऊन आणि निसरडं.

"भिया नको. हळू. पाय गावलो काय?"

"काहीतरी लागतंय. वाकलेलं आहे."

"तोच तो. गुडघो मुठीत धर आणि सरळ कर. आता वढ!"

मी ओढलं. पिल्लू माझ्या मांडीवरच पडलं. काकांनी त्याचं तोंड पुसलं, छाती चोळली, नाकात फुंकर घातली, आणि ते शिंकलं. दुसरं आपलं आपणच आलं. दोन्ही माद्या. काकांनी स्वतः ऊन पाणी आणून माझ्या हातावर ओतलं. रडत होते बहुतेक, पण मान खाली होती. सासूबाईंनी तिथंच बसून मला बांगड्या परत भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीसारखे म्हणाले, "कालच्या कामी आपले फार साहाय्य झाले." त्यानंतर माझ्याशी ते मालवणीत कधीच बोलले नाहीत.

थोरल्या पिल्लाला त्यांनी माझं नाव ठेवलं. पुढच्या वर्षी आमच्या चाळीत ह्यांच्या नावे पोस्टकार्ड आलं: "चि. कुसुम गाभण असून प्रकृती उत्तम आहे. पाला भरपूर खाते." पोस्टमननं ते वाचलं होतं, तळमजल्यानं वाचलं होतं. संध्याकाळी शेजारच्या काकू माझ्यासाठी कैरीची फोड घेऊन आल्या.

अशी पोस्टकार्डं आठेक वर्षं आली. मग एका माघात काका गेल्याची तार आली आणि तारेनंतर दोन दिवसांनी त्यांचं कार्ड. अक्षर तेच, वळणदार. "मागील दाराच्या चौकटीवर बुलबुलाने घरटे केले आहे. तरी आपण आल्यास दार सावकाश उघडावे, ही विनंती."

त्या मे महिन्यात मी गेले तेव्हा घरटं रिकामं होतं. पिल्लं केव्हाच उडून गेली होती. तरी महिनाभर सासूबाई आणि मी ते दार सावकाशच उघडत होतो.