पाटीकाकांचा टेप

विद्यापीठाच्या आवारात पाटीकाकांची शिडी निघाली की भल्याभल्यांचे धाबे दणाणायचे. पाट्या रंगवणारा हा माणूस तसा गरीब गाय. बोलणं मोजकं, नखांच्या कडेला रंग मुरलेला, आणि शिडी वाहून वाहून एक खांदा कायमचा खाली आलेला. पण इथली रीतच अशी होती, की विभाग मोडायचा असो की दुसऱ्यात मिसळायचा, हुकूम मागाहून निघायचा. आधी पाटीचं माप निघायचं. त्यामुळे काका कुठल्या दाराशी शिडी टेकवतात आणि पाटीला टेप लावतात, याकडे प्राध्यापकांचे डोळे लागलेले असत. पोरं मागून त्यांना यमकाका म्हणायची. एकदा ते कानावर आलं तेव्हा काका म्हणाले होते, यमाला निदान रेडा तरी आहे, मला शिडी स्वतःच वाहावी लागते.

विद्यापीठाची सगळी उतरंड त्यांना पाट्यांवरून पाठ होती. महाविद्यालयाची पाटी पुरुषभर लांब आणि निळी, विद्याशाखेची त्याहून आखूड, विभागाची हातभर आणि हिरवी. महाविद्यालयाच्या पोटात विद्याशाखा, विद्याशाखेच्या पोटात विभाग, आणि सगळ्यांत खाली कंत्राटावरची माणसं, ज्यांच्या नावाची पाटीच नसते. उतरवलेली पाटी टाकून द्यायची नाही, घासून तिच्या पाठीवर नवं नाव काढायचं. जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत अशा मेलेल्या विभागांच्या पाट्या भिंतीकडे तोंड करून उभ्या असायच्या. त्यांची लेक त्याच पाट्यांवर बोट फिरवत अक्षरं शिकली. पुढे शिकत शिकत ती थेट मृदाशास्त्र विभागात कंत्राटावर शिकवायला लागली, तेव्हा काकांनी त्या विभागाची पाटी कुणी न सांगता नव्याने रंगवून दिली होती.

त्या सोमवारी अधीक्षक स्वतः जिन्याखाली आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. तेव्हाच काकांच्या हातातला ब्रश थांबला. एक नवं संकुल करायचं ठरलं होतं. भूगोल, भूशास्त्र, मृदाशास्त्र, सगळं एका पाटीखाली. सुट्टी लागली, विभाग रिकामे झाले, की जुन्या पाट्या उतरवायच्या. कायम नोकरीतले लोक संकुलात जातील.

"आणि कंत्राटी?" काकांनी विचारलं.

अधीक्षक रंगाच्या डब्यांकडे बघत राहिले. "विभागच नाही, तर विभागाचं कंत्राट कुठलं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरीलासुद्धा कळता कामा नये, काका. मागचं विसरला नाहीत ना?"

"कुणाला सांगणार नाही," काका म्हणाले. मागचं विसरतील कसे? मागे अशीच बातमी फुटली, पोरं जिन्यावर ठाण मांडून बसली आणि विद्यापीठाला बेत गुंडाळावा लागला. बातमी ज्याच्या तोंडून गेली त्या टंकलेखकाला आठवड्याच्या आत बाहेरचा रस्ता दाखवला. तो अजून फाटकाबाहेर लोकांचे अर्ज टाइप करून देत बसतो. काका रोज त्याच्यासमोरून येत-जात. त्या संध्याकाळी त्याने नेहमीसारखा हात केला, तर काकांना वाटलं, बाकावर सरकून तो आपल्यालाच जागा करून देतोय.

घरी वेगळंच मांडून ठेवलं होतं. दूरच्या एका महाविद्यालयाने लेकीला बोलावलं होतं, कायमच्या जागेवर. शुक्रवारी दुपारपर्यंत होकार कळवायचा होता. जेवताना लेक म्हणाली, मी नाही म्हणणार आहे. विभागप्रमुखांनी शब्द दिलाय, पुढच्या वर्षी इथंच कायम करतील. आईचा चेहरा एवढा फुलला, की काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"जरा विचार कर," ते कसंबसं म्हणाले.

"कसला विचार, बाबा? आपलं दार सोडू नये, हे तुमचंच म्हणणं ना?"

काका म्हणाले, जेव, निवतंय. बायकोला सांगावं असं एकदा मनात आलं, पण तिच्या तोंडी तीळ भिजत नाही. सकाळपर्यंत आख्ख्या गल्लीत झालं असतं. लेकीला सांगावं, तर ती विभागप्रमुखांच्या दालनात जाऊन भांडणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ. ती बापावरच गेली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, बुधवार असेच भीतीत गेले. जिन्यावर पाऊल वाजलं की काकांना अधीक्षकच आले असं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची रेघ वाकडी गेली. नव्या संकुलाच्या नावातलं पहिलं अक्षर त्यांनी तीनदा पुसलं. गुरुवारी लेक डबा द्यायला जिन्याखाली आली, तेव्हा त्यांनी घाईघाईत ती पाटी पालथी घातली आणि ओल्या निळ्या रंगात तळवा भरला. ती हसली. म्हणाली, बाबा, म्हातारे झालात.

शुक्रवारी सकाळी मधली सुट्टी झाली. आवार माणसांनी भरलं. काकांनी शिडी खांद्यावर घेतली आणि मागच्या वाटेने न जाता मधल्या चौकातून सरळ निघाले. बोलणारे थांबले. कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलं. काका मृदाशास्त्राच्या दाराशी थांबले, शिडी टेकवली, वर चढले आणि पाटीला टेप लावला.

कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. सांगायचा नाही, एवढंच तर कबूल केलं होतं.

विभागप्रमुख चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि कप तसाच धरून उभे राहिले. त्यांच्या मागून लेक आली. तिने आधी शिडीकडे पाहिलं, मग टेपकडे.

"बाबा," ती हळू म्हणाली, "सगळ्या विभागांच्या पाट्या एकाच मापाच्या असतात ना?"

"असतात."

"आणि ही तर तुम्हीच केलेली."

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "एक टोक धर," ते म्हणाले.

तिने हात उंच करून टोक धरलं. दोघांच्या मधे पाटी. मग तिच्या हातून टोक सुटलं आणि पट्टी सर्रकन आत गेली. ती विभागप्रमुखांकडे न बघता व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि तिने फोन कानाला लावला. काकांना एवढंच ऐकू आलं: "हो सर. मी येते."

तिचं लक्ष पुन्हा इकडे वळायच्या आत गर्दी बाजूला झाली आणि अधीक्षक शिडीपाशी आले.

"काका, कसलं माप घेताय?"

"विसरलो होतो, साहेब."

अधीक्षकांनी व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं, मग काकांच्या तळव्यावरच्या निळ्या रंगाकडे.

"मिळालं ना माप?" ते म्हणाले. "मग उतरा. माझ्या खोलीत या."

काका उतरायला लागले. शिडीची खालची पायरी त्यांच्या पायाला सापडेना.